मोर्चातून नेलेली बाटली

सारजाबाई पहिल्यांदा डॉक्टरकडे गेली तेव्हा तिनं कंबर दुखते असं सांगितलं. कंबर दुखत नव्हती. मुकुंदवाडीच्या नाक्यावरचा तो दवाखाना म्हणजे एक खोली आणि मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे बाकावर चार-पाच माणसं बसलेली, त्यातले दोघं तिच्या नवऱ्याच्या कंपनीतले. डॉक्टरनं नाडी बघितली, दंडात सुई टोचली, तीन दिवसांच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. घरी येईपर्यंत ती स्वतःवरच चिडली होती. खाज होती तशीच होती, आणि आता दंडही दुखत होता.

तिसऱ्या खेपेला तिनं खरं सांगितलं. तेही डॉक्टरला नाही, तिथं झाडलोट करणाऱ्या बाईला. त्या बाईनं आत जाऊन सांगितलं आणि डॉक्टरनं तपासल्याशिवायच जास्त दिवसांच्या गोळ्या बाहेर पाठवल्या. त्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटलं. आठव्या दिवशी पुन्हा तेच, आधीपेक्षा जास्त.

हे सगळं तिनं मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी चाळिशीच्या पुढं गेलो होतो. मी मुकुंदवाडीत बालवाडी चालवायची आणि तिची थोरली मुलगी माझ्याकडे होती, तेवढीच ओळख. पण पुढं ओळख वाढली. सांगताना ती मान खाली घालायची नाही, आवाज बारीक करायची नाही. तिला तसं बोलायला शिकायला किती काळ लागला, ते या गोष्टीतच आहे.

सारजाबाईचं माहेर पाचोडच्या पलीकडं. बापाची मेंढरं. पावसाळा संपला की ते मेंढरं घेऊन गोदावरीच्या कडेनं फिरायचे, म्हणून लग्नही उशिराच, एकोणीस पूर्ण झाल्यावर झालं. नवरा सूर्यभान. त्याच्या घरीही मेंढरंच होती, पण त्याला ती नको होती. चिकलठाण्याला कंपन्या वाढत होत्या, गावागावातून पोरं सायकली घेऊन गेटवर उभी राहायची. सूर्यभान तसाच उभा राहिला आणि एका कंपनीत रंगकामाच्या खात्यात लागला. मुकुंदवाडीत पत्र्याची एक खोली घेतली. लग्नानंतर वर्षभरात सारजाबाई तिथं आली, आणि पुढच्या वर्षी मुलगी झाली.

ते पहिले दिवस चांगले होते, असं ती स्वतःच सांगायची. सूर्यभान बोलका नव्हता, पण रातपाळीहून सकाळी आला की डबा धुऊन ठेवायचा. बायकोचं काम आपण केलं असं त्याला वाटायचं नाही. मुलगी बालवाडीत गेली की दोन तास खोलीचं दार लावून घ्यायचे. बाहेर नळावर बायकांची भांडणं चालायची आणि आत हे दोघं हसू दाबत असायचे. "आमाला एकमेकांची लई ओढ व्हती," ती म्हणाली. ते तिनं मुद्दाम सांगितलं, कारण पुढं जे घडलं त्यात ते हरवलं होतं.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात दुखणं सुरू झालं. सारजाबाई तेव्हा एका शेडमध्ये रबराच्या वायसरी छाटायला जायची. दिवसभर पोत्यावर मांडी घालून बसायचं, वर पत्रा, अंगात नायलॉनचं पातळ. आधी खाज आली. मग दह्यासारखं पांढरं जायला लागलं. लघवीला बसलं की आग. तिनं डेटॉलच्या पाण्यानं धुतलं, तुरटीनं धुतलं, कपड्याच्या साबणानंही धुतलं. जितकं धुवावं तितकं सोलल्यासारखं व्हायचं. सासू बानाबाई गावाहून आली होती, तिनं उष्णता झाली म्हणून धन्याचं पाणी आणि सब्जा चालू केला. त्यानं पोट थंड झालं असेल, बाकी काही झालं नाही.

सकाळी दार लागलं की आता तिला भीती वाटायला लागली. पहिल्या वेळेस तिनं दात आवळून सोसलं. दुसऱ्यांदा रडू आलं, ते सूर्यभाननं बघितलं, पण कारण विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पुढं ती काही ना काही काम काढायला लागली. आज पाणी भरायचंय, आज शेडवर लवकर बोलावलंय, आज मुलीला बरं नाही. सूर्यभान उठून बाहेर ओट्यावर बसायचा. रात्रभर जागून आलेला माणूस, झोपायचं सोडून रस्त्याकडे बघत बसायचा.

मग त्यालाही झालं. कातडी लाल झाली, चिरा पडल्या, खाज. त्यानं ते बायकोला दाखवलं नाही. कंपनीतल्या रामकिसनला विचारलं. हा त्याच्याच खात्यातला, वयानं मोठा आणि सगळ्यातलं आपल्याला कळतं असं समजणारा. रामकिसन म्हणाला, असलं दुखणं बाईकडून येतं, आणि तू तर कुठं जात नाहीस. पुढचं तो बोलला नाही. बोलायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाबाई भाकरी थापत होती. सूर्यभान दारातच उभा राहिला, चपला काढल्याच नाहीत.

"खरं सांग," तो म्हणाला. "मी रातपाळीला असतो तवा कोणी येतं का?"

तिच्या दोन्ही हातांना पीठ होतं. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिनं उलटली नाही. तिला वाटलं, आपण ओरडावं, हातातलं पीठ त्याच्या अंगावर फेकावं. पण दोन हातांवर शेजारणीची, कडूबाईची खोली होती, तिथं रेडिओ चालू होता, आणि तिला पहिली भीती वाटली ती कडूबाईनं ऐकलं असेल याची.  गप्प राहिली म्हणजे कबूल केलं, असा त्यानं अर्थ काढला. 

त्यानंतर दोघं वेगळे डॉक्टर करायला लागले. ती नाक्यावरच्याकडे, तो स्टेशनकडच्या एका बोर्डवाल्या वैद्याकडे, जिथं गुप्तरोगाची खात्रीशीर पूड मिळायची. तिला थोडं बरं वाटायचं तेव्हा त्याचं चिघळलेलं असायचं. त्याचं सुकलं की तिचं वर यायचं. महिन्या-दीड महिन्यातून एखादे दिवशी रागात किंवा कीव येऊन ते जवळ यायचे आणि चार दिवसांत दोघांचं पुन्हा सुरू व्हायचं. मग दोघंही एकमेकांकडे बघायचे नाहीत. दोघांच्याही मनात एकच, की याच्यामुळं, हिच्यामुळं.

असं वर्ष गेलं. सूर्यभाननं आपली गोधडी ओट्यावर नेली. बानाबाईला दुसऱ्या नातवंडाची घाई होती, तिला ती बाहेरची गोधडी दिसली. तिनं सुनेला कोपऱ्यात घेऊन विचारलं, तेव्हा सारजाबाईनं अंगावर जातं एवढं सांगितलं. बानाबाई वाईट बाई नव्हती. तिनं कुणाकडून तरी शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरचं नाव काढलं. त्याच्याकडे काचेची दारं होती आणि बायकांची रीघ. त्यानं दोन मिनिटं तपासलं आणि गर्भाची पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल, असं सांगितलं. सारजाबाईचं वय तेव्हा पंचवीस होतं. ऑपरेशनची तारीख त्याच दिवशी मिळाली.

घरी येताना बानाबाई रिक्षात रडली. एकच पोरगी, आता वंशाला दिवा नाही, म्हणून. रात्री तिनं लेकाला सांगितलं. सूर्यभान म्हणाला, काढून टाका, एकदाचं मिटू द्या. सारजाबाईला सगळ्यात जास्त लागलं ते हे. त्याच्या आवाजात राग नव्हता. सुटका झाल्यासारखा होता तो आवाज.

कडूबाईशी ती यावर बोलली. तिनं सांगितलं, "मी काढलीय दोन वर्सांखाली. अंगावरचं जायचं थांबलं नाय, पण आता अंगातला जीवच गेला बघ." कडूबाई सव्वीस वर्षांची होती आणि उठताना गुडघ्यांवर हात टेकायची. सारजाबाईनं त्या दिवशी तिच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि आपलंही असंच होईल असं तिला वाटलं. तरी ती नाही म्हणू शकली नाही. कुणाला म्हणायचं, आणि त्याऐवजी काय करायचं?

ऑपरेशनच्या आधी रक्त-लघवी तपासून आणायला सांगितलं होतं. ते घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, करून घ्यावं असं ठरलं. ती एकटीच गेली. तिथं रांगेत बायकांचे कागद बघणाऱ्या एक नर्सबाई होत्या. मनकर्णाबाई. चाळिशीच्या आसपास, चष्मा, केस घट्ट बांधलेले. त्यांनी कागद वाचला, सारजाबाईकडे बघितलं आणि पुन्हा कागद वाचला.

"हे कशासाठी काढायचं म्हणाले?"

सारजाबाईनं सांगितलं, कंबर दुखते.

मनकर्णाबाईंनी रांगेतून तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं. "कंबर दुखते म्हणून पिशवी कुणी काढत नाही," त्या म्हणाल्या. "मला सांग. इथं मी रोज तेच ऐकते. खोकल्यासारखाच आजार असतो, जागा तेवढी वेगळी."

सारजाबाईनं सांगितलं. पहिलं वाक्य निघायला वेळ लागला, मग सगळंच निघालं, नवऱ्यानं विचारलेला प्रश्नसुद्धा. मनकर्णाबाईंनी तिला आत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथं पहिल्यांदा कुणीतरी नीट तपासलं, काचेच्या पट्टीवर घेऊन बघितलं. पिशवी धडधाकट आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ही बुरशी आहे, लोणच्यावर येते तशी. दर वेळी सुया आणि गोळ्या घेतल्यानं अंगातले चांगले जंतू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. वरून साबण, डेटॉल. तिची स्वतःची साखर तपासली, ती चांगली निघाली. मग त्यांनी नवऱ्याचं विचारलं. त्याला होतं का? तहान लागते का? लघवीला किती वेळा उठतो? वाळलाय का?

सारजाबाईला एकेक आठवत गेलं. सूर्यभान डब्याबरोबर पाण्याच्या दोन बाटल्या न्यायला लागला होता. पँटला पट्ट्यानं घड्या पडायच्या. आणि मोरीत, तो बसायचा त्या कोपऱ्यात, मुंग्यांची रांग असायची. ती रोज राख टाकायची आणि रोज पुन्हा मुंग्या यायच्या. तिनं मुंग्यांचं सांगितलं तशा डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. त्याला घेऊन या, म्हणाल्या. त्याची साखर वाढली असेल तर त्याचं बरं होणार नाही, आणि त्याचं बरं झाल्याशिवाय तुमचं पुन्हा पुन्हा होत राहील.

तिला आत ठेवायच्या गोळ्या मिळाल्या आणि मनकर्णाबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. साध्या पाण्यानं धू. नायलॉनचं नेसू नको. आणि आतले कपडे उन्हात वाळव. सारजाबाई ते इतर बायकांसारखेच पातळाखाली झाकून, सावलीत वाळवायची, कुणाला दिसू नयेत म्हणून. ते कधी पुरते वाळायचेच नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं ते बाहेरच्या तारेवर उघडे टाकले. बानाबाईनं ओढून काढले. सारजाबाईनं पुन्हा टाकले. तिसऱ्यांदा टाकले तेव्हा बानाबाई ओट्यावर पाठ करून बसली.

घरात खरा कज्जा पेटला तो पुढं. सारजाबाईनं सांगितलं की ऑपरेशन करणार नाही, आणि तुम्ही साखर तपासायला चला. सूर्यभानला त्यातलं एवढंच ऐकू आलं की खोट आपल्यात काढली. कुणी सांगितलं म्हणून त्यानं विचारलं. तिनं मनकर्णाबाईंचं नाव घेतलं, त्या पलीकडच्या वस्तीत राहतात तेही सांगितलं.

पलीकडची वस्ती बौद्धांची होती. नामांतराचे ते दिवस. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून शहरात मोर्चे निघत होते आणि गावाकडं त्याच्यावरून मनं फाटलेली होती. कंपनीच्या कँटीनमध्येसुद्धा माणसं वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागली होती. सूर्यभान काही कुठल्या सभेला जाणारा नव्हता, पण ज्या टेबलावर तो बसायचा तिथं नाव बदलायला विरोध होता आणि तो मान हलवायचा. आता त्याच वस्तीतल्या बाईनं त्याच्या शरीराबद्दल निकाल दिला होता. तो म्हणाला, त्या बाईच्या दारात पाय ठेवलास तर इथं यायचं नाही.

सारजाबाई गेली. मला ती म्हणाली की ती धीट म्हणून गेली नाही, दुसरं कुणी नव्हतं म्हणून गेली. मनकर्णाबाईंच्या घरी भिंतीला बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर होती. त्यांनी तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. सारजाबाईनं माहेरी कधी अशा घरचं पाणी घेतलेलं नव्हतं. तांब्या तसाच राहिला, आणि मनकर्णाबाईंनी तो बघितला. त्या औषधाचं विचारत राहिल्या. जरा वेळानं सारजाबाईनं तांब्या उचलला आणि पाणी प्याली. "मला तवा माझीच लाज वाटली," ती म्हणाली, "आधी नाय प्याले म्हणून का नंतर प्याले म्हणून, तेच कळत नव्हतं." अठ्ठ्याहत्तर सालच्या दंगलीत मनकर्णाबाईंच्या भावाचं गावाकडचं घर जळालं होतं, हे तिला फार पुढं दुसऱ्याकडून कळलं.

माणूस येत नसेल तर त्याची लघवी आण, मनकर्णाबाई म्हणाल्या. सकाळची, स्वच्छ बाटलीत. मी तपासून दाखवते.

सारजाबाईनं खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली उकळत्या पाण्यात धुतली आणि सूर्यभान कामाला निघाला तेव्हा त्याच्या डब्याशेजारी ठेवली.

"तुमच्या मनात माझ्याबद्दल जे हाय ते राहू द्या," ती म्हणाली. "पण हे भरून द्या. नाय दिलं तर मी पोरीला घेऊन पाचोडला जाते. पिशवी मात्र मी काढणार नाय."

तो डबा तेवढा उचलून गेला. सकाळी आला, तोंड धुतलं, झोपला. ती मोरीत गेली तेव्हा कट्ट्यावर बाटली होती, भरलेली, बूच घट्ट लावलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

बाटली कापडी पिशवीत घालून ती तशीच निघाली. बस जालना रोडनं क्रांती चौकापर्यंत आली आणि थांबली. पुढं नामांतराचा मोर्चा होता. निळे झेंडे, घोषणा, बायका मुलं कडेवर घेऊन चालत होत्या. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. इथून घाटी लांब, आणि बाटली उन्हात फार वेळ ठेवू नको असं मनकर्णाबाईंनी बजावलेलं. ती उतरली. मोर्चात दगडफेक होते असं सूर्यभान म्हणायचा, तसं काही होईल का, याची भीती होतीच. पिशवी छातीशी धरून ती कडेकडेनं चालायला लागली.

चौकाच्या तोंडाशी पोलिसांची फळी होती. एका हवालदारानं तिला थांबवलं, कारण ती मोर्चातलीही दिसत नव्हती आणि बाजाराला निघालेलीही. त्यानं पिशवी उघडायला लावली, वर्तमानपत्र सोडलं आणि बाटली वर धरली.

"काय हाय यात? रॉकेल?"

तिनं बाटलीकडे हात पुढं केला. आजूबाजूला माणसं थांबली. हवालदारानं दुसऱ्याला हाक मारली. आता ते बाटली घेऊन टाकतील हे तिला दिसत होतं. सूर्यभान पुन्हा भरून देणार नाही, हेही दिसत होतं.

"लघवी हाय," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "माझ्या मालकाची. आमाला दोघांला खाजेचा रोग झालाय, दीड वर्स झालं. घाटीत तपासायला चालले."

हवालदारानं बाटली अंगापासून लांब धरली. मागं कुणीतरी हसलं. मोर्चातली एक म्हातारी, हातात झेंडा, पुढं आली आणि हवालदाराला म्हणाली, "दे बाबा तिची बाटली. आजारपणाला काय हसायचं?" मग तिनं सारजाबाईचा दंड धरला आणि मोर्चाच्या मधून, बायकांना बाजूला करत, तिला पलीकडे काढून दिलं. तिचं नाव सारजाबाईनं विचारलं नाही. पुढचा रस्ता ती जवळजवळ पळतच गेली. तिला रडू येत नव्हतं. जे बोलायची तिला दीड वर्ष भीती वाटत होती ते भर चौकात बोलून झालं होतं, आणि आभाळ कोसळलं नव्हतं.

मनकर्णाबाईंनी तिच्यासमोरच तपासलं. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग विटेसारखं लाल. मनकर्णाबाईंनी नळी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "त्याला आज संध्याकाळीच घेऊन ये."

तो त्या संध्याकाळी आला नाही. चार दिवसांनी आला, तेही पायाला आधी लागलेल्या खिळ्याची जखम भरेना म्हणून. बायकांच्या विभागाबाहेर बाकावर तो मान खाली घालून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत. मनकर्णाबाई आल्या तसा उठून उभा राहिला. त्यांनी त्याला भाऊ म्हणून हाक मारली आणि रक्त तपासायची चिठ्ठी दिली. साखर फार वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकत्र बसवून सांगितलं की हा बाहेरख्यालीपणाचा रोग नाही. कुणाकडून आणावा लागत नाही, साखर वाढली की आपसूक होतो. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं, पुरतं घ्यायचं, तोवर जवळ यायचं नाही, आणि नंतरही काही महिने निरोध वापरायचा.

बाहेर आल्यावर सूर्यभान रिक्षावाल्याशी घासाघीस न करताच बसला. अर्ध्या वाटेत म्हणाला, "मी तुला तसं विचाराया नको व्हतं."

"पण विचारलं," सारजाबाई म्हणाली.

एवढंच झालं. तिला वाटलं होतं, तो हे म्हणेल तेव्हा आपलं मन हलकं होईल. झालं नाही. खाज दोन आठवड्यांत गेली, सहा महिन्यांत दोनदा पुन्हा आली आणि दोन्ही वेळा औषधानं गेली. सूर्यभाननं गोधडी आत आणली. पण सकाळी दार लागलं की तिचं अंग आधी ताठ व्हायचं. तिथं दुखणं नव्हतं, तरी अंग ताठ व्हायचं. त्याला ते कळायचं आणि तो हात मागं घ्यायचा. कधी दोघं नुसते पडून राहायचे. हे कुठल्या गोळीनं जाईल ते तिनं मनकर्णाबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, याला वेळच लागतो, आणि कधी कधी पुरतं जात नाही. त्यांनी खोटा धीर दिला नाही, याचं सारजाबाईला बरं वाटलं.

हसणं परत यायला दोन-अडीच वर्षं लागली. तेही पूर्वीसारखं नाही. नव्वद साली दुसरी मुलगी झाली. बानाबाईनं तिला न्हाऊ घातलं आणि दिव्याचा विषय काढला नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतर झालं. शहरात मिठाई वाटली गेली आणि त्याच आठवड्यात गावाकडून वाईट बातम्या यायला लागल्या. पाचोडकडच्या एका गावात बौद्धांच्या घरांवर दगड पडले, आणि दगड टाकणाऱ्यांत सारजाबाईचा चुलतभाऊ सखाराम होता असं तिच्या कानावर आलं. ती दोन दिवस घरात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाईंकडे गेली. तिथं त्यांची बहीण गावाहून मुलांना घेऊन आली होती. घरात माणसं दाटलेली. सारजाबाईला काय बोलावं सुचेना. सखारामचं नाव सांगावं की नाही, हेही कळेना. शेवटी तिनं सांगितलं.

मनकर्णाबाई चुलीपुढं होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "तू सांगितलंस ते बरं केलंस. आज मात्र जा."

त्यानंतर तीन-चार महिने ती गेली नाही. पुढं एकदा घाटीतच भेट झाली. मनकर्णाबाईंनी नेहमीसारखं तब्येतीचं विचारलं, सूर्यभानच्या साखरेचं विचारलं, आणि रांगेतल्या पुढच्या बाईला हाक मारली. बोलणं पुन्हा सुरू झालं, घरी येणं-जाणं नाही.

सूर्यभाननं गोळ्या कधी घेतल्या, कधी सोडल्या. बरं वाटलं की सोडायचा. पंचेचाळिशीत त्याचे डोळे अधू झाले आणि कंपनीनं त्याला रंगकामातून काढून गेटवर बसवलं. सारजाबाई त्याच्यावर ओरडायची आणि रोज सकाळी गोळी हातात ठेवून त्यानं गिळेपर्यंत उभी राहायची. आजही उभी राहते. तिची धाकटी मुलगी घाटीतच नर्सिंगच्या शिक्षणाला गेली. सारजाबाई मला म्हणाली की पोरीला पाठवताना मनकर्णाबाईंना विचारायला जावं असं फार वाटलं होतं. पण तोवर त्या निवृत्त होऊन लेकाकडे नाशिकला गेल्या होत्या, आणि पत्ता कुणाकडे नव्हता.